पालथी ओंजळ

ही गोष्ट घडलेली आहे. कुणाला पटो, न पटो. ज्याच्या बाबतीत घडली तो माणूस आजही रंधा मारतो, कामापुरतं बोलतो आणि भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून जातो. त्यामुळे त्याने तिखटमीठ लावलं असेल, ही शंका आधीच काढून टाका.

बुधवार होता. सकाळची वेळ, खिडकीतून लख्ख ऊन आलेलं. इस्पितळाचा दुसरा मजला, पुरुषांचा वॉर्ड, भिंतीकडून दुसरी खाट.

त्या सकाळी मिस्त्रीच्या नाकातली ऑक्सिजनची नळी काढली. डॉक्टर म्हणाले, "धोका टळला." मग त्यांनी दारात उभ्या असलेल्या लेकीकडे बघून नुसती मान हलवली.

लेक येऊन खाटेच्या कडेला बसली. लोखंडी खाट कुरकुरली.

"बाबा, आपली आई आता नाही."

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिला. मग चक्क हसला.

"काहीतरीच काय बोलतेस? काल दुपारी तर येऊन गेली."

लेकीने तोंडावर हात धरला.

"बाबा... शनिवारी सकाळीच गेली ती. इथेच. खालच्या मजल्यावर, बायकांच्या वॉर्डात."

मिस्त्रीचं हसू तसंच ओठांवर राहिलं.

कारण काल मंगळवार होता...

आता आधीचं सांगतो.

मिस्त्री सुतार. कापणं, जोडणं त्याच्याकडे. पॉलिश पेपर मारणं आणि पॉलिश करणं बायकोकडे. लग्न झाल्यापासून दोघं एकाच दुकानात, एकाच भुशात. कामाच्या गडबडीत एकदा तिच्या उजव्या करंगळीचं टोक मशीनच्या पात्याखाली गेलं होतं. दुसरी असती तर दुकानात पाय ठेवला नसता. ही पट्टी बांधून आली आणि म्हणाली, "बरं झालं, खाचेत बोट आता नीट जातं."

त्या महिन्यात त्यांनी एक जुनं कपाट खोलायला घेतलं. मागची फळी काढली आणि आतून बुरशीचा काळा लोट उठला. दोघंही शिंकून बेजार झाले. चार दिवसांत मिस्त्रीला थंडी वाजून ताप आला. मग श्वास पुरेना. बायकोनेच त्याला रिक्षात घालून आणलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि म्हणाले, दोन्ही फुप्फुसं भरलीत.

खोकत तर तीही होती. धुळीचा खोकला, होईल बरा, असं दोघांनाही वाटलं.

छातीतला कफ सुटावा म्हणून सिस्टरने तिला पाठ थोपटायला शिकवलं. चापट मारायची नाही. पंजा पोकळ धरायचा, ओंजळ पालथी घातल्यासारखा. पाठीवर पडला की आवाज कसा घुमायला हवा.

तिचा आवाज घुमायचा, पण पूर्ण नाही. करंगळीच्या टोकाशी फट राहायची, तिथून हवा निसटायची.

ठप्... फस्. ठप्... फस्.

शेजारच्या खाटेवर एक रिटायर झालेला बस ड्रायव्हर होता. त्याला सगळे ड्रायव्हरकाकाच म्हणत. तो दम लागत असतानाही बोलायचं सोडत नसे.

"मिस्त्री, बायकोचा मार खायला नशीब लागतं हो! वहिनी, हाणा चांगला. जुनी सगळी उधारी वसूल करा."

"तुमचीही थोपटू का काका?" ती विचारायची.

"नको बाई. माझी बॉडी जुनी, पत्रा निखळेल."

सगळा वॉर्ड हसायचा. मिस्त्री मात्र कानकोंडा व्हायचा. परक्या पुरुषांसमोर बायको पाठीवर हात ठेवते, याचीच त्याला लाज. "बास आता," असं तो रोज म्हणायचा.

गुरुवारी ती आली नाही. लेक म्हणाली, "आईला ताप आहे, घरी झोपलीय." शुक्रवारीही आली नाही.

मिस्त्रीची तब्येत खालावली. छातीत घरघर वाढली. सिस्टर एकटी आणि तिला अख्खा वॉर्ड सांभाळायचा होता. पाठ थोपटायला वेळ कुणाला?

शनिवारी दुपारी त्याला गुंगी आली होती. तो कुशीवर होता, खिडकीकडे तोंड करून. तेवढ्यात मागून...

ठप्... फस्.

त्याने ओळखलं. मान न वळवता म्हणाला, "ताप अंगात असताना कशाला तडमडलीस?"

ती काही बोलली नाही. थोपटत राहिली.

तिच्या चपला चालताना फटफट वाजायच्या. त्या दिवशी वाजल्या नव्हत्या...

रोजची डब्याची पिशवी टेकवल्याचा आवाज नव्हता...

आणि ती एकदाही खोकली नाही.

मिस्त्रीला बरंच वाटलं. चला, हिचा खोकला गेला. फक्त हात गार होता. सदऱ्यातूनही लागत होता.

रविवारी आली. सोमवारी आली. दरवेळी दुपारीच. लेक सकाळी यायची, म्हणून दोघींची गाठ पडत नाही, असा त्याचा हिशोब. एकदा नाकात नळी असतानाच तो लेकीला म्हणाला, "तुझी आई ऐकत नाही, येतेच." लेकीला वाटलं, तापात बरळतोय. तिने तोंड फिरवून डोळे पुसले.

इकडे घरघर कमी होत गेली. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं.

मग मंगळवार आला.

थोपटून झालं. ती समोर आली आणि त्याच्याकडे पाठ करून खाटेच्या कडेला बसली.

खाट कुरकुरली नाही...

मिस्त्री लाकडा-लोखंडात आयुष्य काढलेला माणूस. त्या खाटेवर कुणी नुसता हात टेकला तरी ती ओरडायची. त्याला हे जाणवलं. पण तेवढ्यात ती बोलली. चार दिवसांत पहिल्यांदाच.

"अहो, जरा माझीही पाठ थोपटा ना. आत काहीतरी अडकलंय. निघतच नाहीये."

आवाज अगदी नेहमीचा. थोडा दमलेला.

मिस्त्रीने हात उचललाही होता. मग त्याला वॉर्ड आठवला. ड्रायव्हरकाका काय म्हणतील? उद्या सगळे चिडवतील, मिस्त्री बायकोची पाठ चेपतो. त्याने हात परत चादरीखाली घेतला.

"इथे नको. लोक बघतायत. घरी गेल्यावर बघू."

"बरं," ती म्हणाली.

रागावली नाही. थोडा वेळ तशीच बसली, पाठ त्याच्याकडे करून. वाट बघितल्यासारखी.

त्याला डुलकी लागली. उठला तेव्हा कडा रिकामी होती.

बुधवारी लेकीने सगळं सांगितलं. गुरुवारी घरात चक्कर येऊन आई पडली, तिला इथेच आणलं. तुम्हाला धक्का सोसला नसता, म्हणून नळी निघेपर्यंत डॉक्टरांनी बोलू दिलं नाही. शेवटी ती श्वासासाठी तडफडली, आणि आतला कफ काही केल्या सुटला नाही.

"सारखी म्हणत होती, बाबांची पाठ कोण थोपटेल? स्वतःचं काही नाही, बाबा. एवढंच."

लेक त्याचा सदरा बदलायला उठली. सदरा वर केला आणि तिथेच थांबली.

"काय झालं?" मिस्त्रीने विचारलं.

तिने फोनवर फोटो काढून त्याच्यापुढे धरला. पाठीवर लालसर वळ होते. पंज्याचे. एकावर एक पडलेले...

प्रत्येकात करंगळी अर्धी.

मिस्त्री मागे उशीला टेकला. लेक पाणी आणायला गेली, तेव्हा त्याने ड्रायव्हरकाकांना हाक मारली.

"काका, खरं सांगा. शनिवारपासून काल दुपारपर्यंत आमची ही येत होती ना?"

काका पहिल्यांदाच गंभीर झालेले दिसले.

"वहिनी दिसल्या नाहीत हो. आवाज मात्र यायचा, ठप् ठप्. मला वाटायचं सिस्टर आहे." ते जरा थांबले. "काल तुम्ही कुणाला तरी म्हणालात, लोक बघतायत. मला नवल वाटलं. समोरच्या सगळ्या खाटा काल सकाळीच रिकाम्या झाल्या होत्या. राहिलो मी. आणि मी तर भिंतीकडे तोंड करून पडलो होतो."

मिस्त्रीने समोरच्या रिकाम्या खाटांकडे पाहिलं.

"म्हणजे बघत कुणीच नव्हतं, मिस्त्री."

पुढे तो घरी आला. दुकान उघडलं. भुसा उडाला की आता नाकावर कापड बांधतो. कामाला हात बसलाय, पण दुपार झाली की बाकाच्या डाव्या टोकाकडे बघत नाही. तिथे ती बसायची.

एका दुपारी रंधा थांबवल्यावर त्याला वाटलं, डाव्या टोकाशी कुणीतरी पाठ करून बसलंय. काही दिसलं नाही. फक्त बाकावरचा भुसा तिथे दबत गेला...

मिस्त्रीने रंधा बाजूला ठेवला. पंजा पोकळ केला. हात पुढे नेला.

तेवढ्यात दारातून गिऱ्हाईक म्हणालं, "मिस्त्री, एकटेच काय करताय?"

त्याने झटकन हात मागे घेतला. "काही नाही, भुसा झटकत होतो," म्हणाला. आणि खरंच झटकला.

त्यानंतर बाकावर काही उमटलेलं नाही. ती परत येईल की नाही, कुणास ठाऊक. आली तर आपला हात पुढे जाईल की नाही, हे त्यालाही सांगता येत नाही.

लेक फोन करते. इकडचं तिकडचं झालं की हळूच विचारते, "बाबा, आई आली तेव्हा काही बोलली का हो?"

"नाही गं. नुसती थोपटायची."

"काहीच मागितलं नाही?"

तो म्हणतो, दारात कुणीतरी आलंय, नंतर बोलतो.

लेकीला त्याने अजून सांगितलेलं नाही.