कोर्ट्राइकचा रिकामा मनोरा

दादाचे कपडे बॅगेत भरायचे, अस्थींचा डबा उचलायचा आणि विमानात बसायचं, एवढ्याच कामासाठी मी आयर्लंडला आलो होतो. बाकी सगळं मी पोचायच्या आधीच उरकलेलं होतं.

दादा म्हणजे गुरुनाथ, माझा थोरला भाऊ. आम्ही इचलकरंजीचे, घरचेच यंत्रमाग. मी शाळा अर्धवट सोडून मागावर उभा राहिलो. तोही लहानपणी मागावरच वाढला, पण पुढे शिकला, पुण्याला गेला, तिथून डब्लिनला. ऑफिस ग्रँड कॅनाल डॉकला, राहायला डून लेरीला, समुद्राच्या कडेला. नोरा नावाच्या म्हातारीच्या घरात वरची खोली, शेजारच्या खोलीत नागपूरचा सारंग. इथली माणसं भर थंडीत सकाळी समुद्रात पोहतात. दादालाही ते वेड लागलं. पंचगंगेत पोहलेला माणूस, त्याला पाण्याची कसली भीती? डिसेंबरातल्या एका सकाळी खांद्यावर टॉवेल टाकून गेला तो गेलाच. पाणी इतकं गार होतं की हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

माझा व्हिसा येईपर्यंत इथे त्याला अग्नी दिला. आम्हाला व्हिडिओवर दाखवलं. पण त्याच्या मागे मोठी खिडकी होती, सगळा उजेड तिकडून. चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख. आईनं मोबाइल डोळ्यांशी नेला, लांब धरला, मग पालथा घातला. मी निघालो तेव्हा दारात येऊन एवढंच म्हणाली, "तोंड दिसलं नाही रे त्याचं."

मलाही दिसलं नव्हतं. दुसरं काही माझ्या डोक्यात नव्हतं. राखेला कुठलं तोंड?

पहिल्याच दिवशी मी सारंगवर ओरडलो. "थांबता येत नव्हतं? सख्खा भाऊ येतोय म्हटल्यावर?"

"दत्ता, किती दिवस ठेवणार होतो यार? शवागारवाले रोज फोन करत होते." तो पुढे म्हणाला. "कोरं पांढरं कापडसुद्धा मिळत नव्हतं. नोरा होती म्हणून. तिने प्रेसमधून काढून दिलं."

"प्रेस?"

"कपाट रे. इथे प्रेस म्हणतात. तिच्या आजीच्या लग्नातलं, टेबलावर अंथरायचं कापड. शंभराच्या वर वर्षं झाली, पण घडी मोडली नव्हती. एकदम कोरं. मोठं होतं ते त्याच्यावर घातलं, त्याच्यासोबतच गेलं. टेबलावरचं हे त्याच्या जोडीचं छोटं."

दादाच्या खोलीत खिडकीखाली टेबल होतं. त्यावर ते पांढरं कापड आणि कापडावर अस्थींचा डबा. मी काठ बोटांत धरला. सूत नव्हतं. गार, जड, थोडं ओलसर लागणारं कापड. जवसाचं. आपण जवसाची चटणी करतो, ही माणसं त्याच्या काडीचा वाख काढून कापड विणतात.

दुपार उतरायला लागली. इथला हिवाळ्यातला सूर्य वर चढतच नाही, छपरांच्या मागून सरपटत जातो. जाता जाता त्याची एक आडवी तिरीप टेबलावर पडली आणि त्या कोऱ्या पांढऱ्यावर एक अख्खं गाव उमटलं.

आमच्याकडे याला सेल्फ डिझाइन म्हणतात. पांढऱ्यात पांढरं. समोरून बघितलं तर काही नाही, उजेड आडवा पडला की दिसतं. पण असलं बारीक काम मी जन्मात बघितलं नव्हतं. नदीवरचा पूल, पुलाच्या दोन टोकांना दोन जाडजूड गोल बुरूज. मग चर्च. मग भिंतीआड छोट्या छोट्या घरांची गल्ली. काठाने तेच डावीकडे, तेच उजवीकडे. आणि मधोमध चौक, चौकात एकच उंच मनोरा.

नोरा चहा घेऊन आली. तिला सगळंच 'ग्रँड' असतं. चहा ग्रँड, पाऊस थांबला ग्रँड. कापडाकडे बघून मात्र ती हळू आवाजात बोलायला लागली आणि सारंग मराठीत सांगू लागला.

"तिच्या आजीचं गाव. बेल्जियममधलं कोर्ट्राइक. पहिल्या महायुद्धात ती तिथून पळून इकडे आली."

नाव ऐकून मी चमकलो. दादा मागच्या उन्हाळ्यात तिथे जाऊन आला होता. फोनवर किती वेळ बोलत होता. "लेका दत्त्या, मागवाल्यांचं गाव आहे! आपली इचलकरंजी यांच्यापुढे कालचं पोर. सातशे वर्षांपूर्वी या मागवाल्यांनी फ्रान्सच्या सरदारांना घोड्यांसकट चिखलात लोळवलं. त्यांच्या टाचांच्या, घोड्याला टोचायच्या सोन्याच्या आऱ्या काढून चर्चमध्ये टांगल्या. तू असतास तर तूही दोन आणल्या असत्यास." मी म्हणालो होतो, दोन कशाला, पोतं भरून आणतो. तो खूप हसला होता. तुला एकदा दाखवणार म्हणाला होता.

नोरा बोट न लावता एकेक जागा दाखवत होती. ही गल्ली एकट्या राहणाऱ्या बायांची, देवाच्या नावावर राहायच्या आणि सूत कातायच्या. ही नदी. जवसाच्या पेंढ्या हिच्यात कुजत घालायचे. उन्हाळाभर गावात श्वास घेववत नसे, पण तिला म्हणायचे सोन्याची नदी. हा घंटेचा मनोरा. वर टोले द्यायला हातोडा घेतलेला पुतळा होता. पुढच्या एका लढाईत गाव हरलं तेव्हा फ्रान्सवाल्यांनी ते जाळलं आणि तो घंटेवाला उचलून फ्रान्सला नेला. शेकडो वर्षं परत दिला नाही. आता गावात परत जोडी उभी आहे, एक बाप्या आणि एक बाई. पण हे कापड त्याच्या आधीचं.

मी वाकून बघितलं. मनोऱ्यावर शेजारी शेजारी दोन कोनाडे. दोन्ही रिकामे.

"आणि माणसं कुठेच नाहीत," मी म्हणालो.

सारंगने विचारलं. नोरा हसली. "मीही लहानपणी आजीला हेच विचारायचे. ती म्हणायची, सगळी मागावर बसलीत."

दुसऱ्या दिवशी तिरीप पडली तेव्हा डावीकडच्या पुलावर एक माणूस होता.

पाठमोरा. करंगळीच्या नखाएवढा. मला वाटलं काल नजर चुकली असेल. पण जेकार्डच्या मागावर एकदा नक्षीचं कार्ड टोचलं की डावीकडे जे येतं तेच उजवीकडे येतं. उजवीकडचा पूल रिकामा होता. या माणसाचा डावा खांदा दादासारखाच जरा उतरलेला होता आणि त्यावर टॉवेल होता.

"सारंग," मी हाक मारली. "हे बघ."

तो वाकला. "आधीपासून असेल, दत्ता..." मग म्हणाला, "नको बघत बसू." आणि खोलीतून निघून गेला.

त्यानंतर मी कपडे भरायचं सोडून दिलं. रोज दुपारची वाट बघायचो. दिव्याखाली बघितलं, मोबाइलची बॅटरी लावून बघितलं, काही दिसायचं नाही. फक्त ती तिरीप. तिच्याबरोबर वास यायचा, आमच्याकडे अंबाडी कुजत घातल्यावर येतो तसा गोडसर, सडका. आणि आवाज. मागाचा आवाज मला झोपेतही ओळखता येतो. हा यंत्रमाग नव्हता. हातमाग. लांबून, पण एक नव्हे, गावभर.

तो पुढे सरकत होता. चर्चपाशी आला. मग एकट्या बायांच्या गल्लीत. प्रत्येक वेळी पाठमोरा, प्रत्येक वेळी मनोऱ्याच्या जास्त जवळ.

मी टेबलावर तोंड टेकवून म्हणालो, "दादा... ए दादा. इकडे बघ ना एकदा."

मागे नोरा उभी होती. तिने कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला. सारंग जिन्यात होता, त्याला ती काहीतरी घाईघाईने बोलली.

"काय म्हणते?"

"काही नाही."

"सारंग, काय म्हणते ती?"

"म्हणते, कापड द्यायला नको होतं. आजी म्हणायची, त्या गावाचा माणूस नेलाय, तो घंटेवाला... ते गाव अजून माणूस शोधतंय." त्याने माझा दंड धरला. "दत्ता, चल खाली. प्लीज."

मी त्याला ढकललं. दादाला कुठे न्यायचं ते मी ठरवणार होतो. नृसिंहवाडीला, आपल्या नदीत. या सडक्या नदीच्या गावात नाही.

पुढच्या दुपारी तो मनोऱ्याच्या पायरीवर होता. एक पाय वर टाकलेला. आणखी एक दिवस, की आत.

मी विचार केला नाही. विचार करून मी कधी काही केलेलंच नाही. नोराची शिवणाची कात्री खाली होती ती आणली, अस्थींचा डबा उचलून पलंगावर ठेवला आणि कापडातून तो मनोरा पायापासून कळसापर्यंत कापून काढला. कात्री फिरत होती तोवर सगळे माग थांबले होते. कापलेला तुकडा मी नोराच्या शेगडीत टाकला. नोरा खुर्चीत बसून बघत राहिली.

वर येऊन बघितलं. भोकाच्या काठावर तो उभा होता, पाठमोरा, पाय खाली घेतलेला. पुढे वाट नव्हती. तसा मी त्याला कधीच बघितला नव्हता. दादाला नेहमी कुठेतरी जायचं असायचं.

मग आभाळ भरून आलं. ऊन पडलंच नाही. मी बॅग भरली, पण कापड काही उचलवेना.

ऊन परत आलं त्या दुपारी भोक लहान झालं होतं.

आतल्या कडेने धागे चढले होते. उभे ताणलेले, आडवे भरलेले, घट्ट. पण ते जवसाचे नव्हते. हात लावला तर सूत. कांजीचा वास असलेलं, आमच्याकडचं. आणि धाग्याला धागा जोडलेला तिथे गाठी होत्या. वडिलांनी आम्हा दोघांना एकाच दिवशी ती गाठ शिकवली होती. मी उजवा, दादा डावरा. त्याची गाठ उलटी बसायची आणि वडील त्याच्या पाठीत धपाटा घालायचे. या सगळ्या गाठी उलट्या होत्या.

त्या नव्या धाग्यांवर, एक पायरी वर, तो होता.

मी मागे सरलो तेव्हा लक्ष गेलं. अंगातला शर्ट आमच्याच मागावरच्या कापडाचा, आईनं शिवून घेतलेला. त्याची डावी बाही मनगटावरून वर गेली होती. कड उसवून धागे लोंबत होते.

शर्ट काढून बॅगेत कोंबला, कुलूप लावलं. सारंगचा स्वेटर घातला. काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या दुपारी कुलूप तसंच होतं, बाही कोपरापर्यंत आली होती आणि मनोरा कळसापर्यंत विणून झाला होता.

वर एका कोनाड्यात तो उभा होता. हातात हातोडा. आणि तोंड माझ्याकडे होतं.

दादाच होता. पोहून वर आल्यावर दिसायचा तसा, केस कपाळाला चिकटलेले, धाप लागलेली. मी रडलो. मी म्हणालो, बघितलं रे, बघितलं. आईला सांगतो तोंड बघितलं.

पण तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या खांद्यावरून पलीकडे, लांब कुठेतरी बघत होता, आणि कुणीतरी ओळखीचं येताना दिसावं तसा हसत होता. शेजारचा, बाईचा कोनाडा रिकामा होता.

हातोडा खाली आला. टोला एकच पडला. खालून नोरा किंचाळली, म्हणजे तिनेही ऐकला.

तेवढ्यात फोन वाजला. आई. तिकडे रात्र झाली होती, ती दिव्याखाली बसली होती. मी तिला त्या कापडाबद्दल कधीच काही बोललो नव्हतो. त्या दिवशीही नाही.

"आत्ता घंटा कसली वाजली रे तुझ्याकडे?" तिने विचारलं.

"कसली नाही आई. उद्या सकाळचं विमान आहे. येतोय मी. कुठे जाऊ नकोस."

"मी कुठे जाते?" ती हसली. किती दिवसांनी हसली. "अरे, हा बघ, माझा पदर उसवायला लागलाय. संध्याकाळपासून. गाठ मारली तरी सुटतोय." तिने पदराचं टोक मोबाइलसमोर धरलं. सुती लुगड्याचे धागे लोंबत होते आणि वारा नसताना हलत होते, सगळे एकाच बाजूला.

"कात्रीनं काप तो, आई. आत्ता काप."

"राहू दे रे," ती म्हणाली. "गुरू लहानपणी असाच ओढायचा."