पांढरमाळात चुना किती?

माती आणि माणूस यांच्या नात्याइतकं पवित्र नातं जगात दुसरं नाही, असं कुसळवाडीच्या सरपंचांनी भाषणात तीनदा सांगितलं. भाषण संपल्यावर ते बुटांना लागलेली माती झाडायला पंपघरामागे गेले.

ही गोष्ट थोडी पुढच्या काळातली आहे. तेव्हा एसटीला ड्रायव्हर नसतो, तरी ती उशिराच येते. मेंढ्यांच्या कानांत लुकलुकणारे बिल्ले असतात, त्यामुळे हरवलेली मेंढी कुठे आहे ते फोनवर दिसतं. तिला आणायला मात्र चालतच जावं लागतं.

त्या दिवशी चालत गेली होती बानू. बानू दहा वर्षांची. तिचे आजोबा धुळाआबा मेंढपाळ होते, त्यांचे वडीलही मेंढपाळ होते, आणि हे सगळे पिढ्यान्‌पिढ्या एकाच माळावर मेंढ्या चारत आले होते. त्या माळाचं नाव पांढरमाळ. पाऊस बेताचा, माती वाळूसर, फिकट रंगाची, चिमटीत धरली तर बोटांतून निसटणारी. झाडं तुरळक, पण गवत भरपूर.

बानूला तिची लाजरी नावाची कोकरी सापडली ती एका झाडाच्या आळ्यात. म्हणजे झाड असं म्हणायचं. दोन वर्षांपूर्वी एका योजनेतून माळावर शोभेची रोपं लावली होती. पंपाने पाणी दिलं, खत दिलं, तरी रोपं गुडघ्याएवढीच राहिली. पानं हळदीसारखी पिवळी, फक्त शिरा हिरव्या. आणि त्यांच्याभोवती, कोणी कधी पाणी न घातलेलं गवत बानूच्या कमरेपर्यंत आलं होतं.

"आबा, आयतं खाणारं वाळतंय आणि उपाशी ऱ्हाणारं वाढतंय, हे कसं?" घरी आल्यावर तिने विचारलं.

"मला ठावं असतं तर मी सरपंच नसतो झालो?" धुळाआबा म्हणाले. मग त्यांचा चेहरा उतरला. "आता ते इचारून तरी काय उपयोग, पोरी? माळच चाललाय."

झालं होतं असं. तालुक्याहून माती तपासणारं एक यंत्र आलं होतं. दोन्ही बाजूंना पायांच्या रांगा, पुढे एक डोळा आणि पोटात छोटी प्रयोगशाळा. गावाने त्याचं नाव गोम ठेवलं. गोमेने माळावर फिरून अहवाल दिला: 'मातीत जवळजवळ निम्मा चुना. माती गवतासाठी निकामी. शिफारस: चराई बंद करून चुनखडीची खाण काढावी.' सरपंच उत्तमराव खूश झाले. गावाची शिफारस कोणी कशासाठी तरी केली, असं पहिल्यांदाच घडत होतं. उद्या ग्रामसभा होती. तिने होकार दिला की माळाला कुंपण पडणार आणि धुळाआबांचा कळप व्यापाऱ्याच्या गाडीत चढणार. लाजरीसकट.

बानूने लाजरीकडे पाहिलं. लाजरी आबांचा पटका चावत होती. तिला ग्रामसभेची कल्पना नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बानू माळावर गेली. गोम पंपघराजवळ ऊन खात बसली होती. तिची बॅटरी उन्हावर चालायची.

"तू खोटा अहवाल दिलास," बानू म्हणाली.

"मी खोटं बोलू शकत नाही," गोम म्हणाली. तिची भाषा कचेरीतली होती. "तशी सोय माझ्यात करण्यात आलेली नाही."

"माती निकामी हाय तर एवढं गवत कशावर उगवलंय? तुझ्या अहवालावर?"

गोमेने डोळा वळवून गवताकडे पाहिलं. "विसंगती आढळते," ती म्हणाली. "परंतु नमुने नियमानुसार घेतले आहेत. नमुना चिन्हांकित जागेतूनच घ्यावा असा नियम आहे. चिन्हांकित जागा म्हणजे पांढऱ्या रेषेने आखलेली जागा."

"आणि त्या कुठं घावल्या तुला?"

गोमेने पाय उचलून दाखवलं. प्रत्येक पिवळ्या रोपाभोवती एक पांढरं वर्तुळ होतं.

बानूने वर्तुळातली पूड चिमटीत उचलली. ती वर्तुळं कुठून आली हे कुसळवाडीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. ती फक्की होती. गावात कोणी मोठा पाहुणा यायचा असला की रस्त्याच्या दोन्ही कडांना फक्की मारायची रीत होती. माळावरची रोपं बघायला पाहुणे फार यायचे. पाहुणा आला की प्रत्येक रोपाभोवती फक्कीचं नवं वर्तुळ, जुन्याच्याच वर. रोपं वाढली नाहीत, वर्तुळं मात्र चांगली जाड झाली.

"फक्की कशाची असते?" गोमेने विचारलं.

"चुनखडीच्या दगडाची पूड. गावात दळूनच आणतात."

गोम नव्याने हिशेब करू लागली. असा हिशेब तिच्यासाठी नवीन असावा, कारण तिच्या पोटातला पंखा सुरू झाला.

बानूने शिदोरीतलं लिंबू काढलं, दातांनी फोडलं आणि वर्तुळावर पिळलं. पांढरी पूड सोड्यासारखी फसफसली.

"अम्लाने चुनखडी विरघळते आणि कार्बन डायऑक्साइड (आपण श्वासातून बाहेर टाकतो तो वायू) बाहेर पडतो," गोम म्हणाली. "त्याचा हा फेस आहे."

मग बानूने चार पावलं लांब, गवताच्या बुंध्याशी लिंबू पिळलं. कान लावला तेव्हा कुठे बारीक चुर्रर ऐकू आलं.

"हितं बी हाय चुना, पण थोडका. आता हितली माती घे."

"ही जागा चिन्हांकित नाही. नमुना ग्राह्य धरता येणार नाही."

"मग मी फक्कीचं वर्तुळ काढते."

"त्या फक्कीचा चुना नमुन्यात येईल," गोम म्हणाली आणि पुढे टाकलेला पाय तिने मागे घेतला. आपला नियम आपल्यालाच अडवतोय हे यंत्रांनाही कळतं. फक्त त्यांना कपाळावर हात मारता येत नाही.

बानू धावत घरी गेली. धुळाआबा दारात बसून वाघर गुंडाळत होते. वाघर म्हणजे मेंढ्या रात्री कोंडायची जाळी; खुंट्या ठोकून गोल लावतात. आबांची वाघर नव्या नायलॉनची होती, दुधासारखी पांढरी.

"आबा, वाघर घ्या अन् चला. मेंढ्या नगंत."

"बिनमेंढ्यांची वाघर?" आबा म्हणाले. "लोक म्हणतील म्हाताऱ्याचं डोकं फिरलं."

"म्हणू द्या. माळ तरी ऱ्हाईल."

आबांनी वाघर खांद्यावर टाकली. जिथे मेंढ्या कधी बसवल्या नव्हत्या अशा गवताच्या मधोमध त्यांनी सवयीच्या हातांनी ती गोल लावली.

गोम तुरुतुरु आली. "पांढऱ्या रेषेने आखलेली जागा आढळली," ती म्हणाली. तिच्या आवाजात सुटकेचा सूर होता असं बानूला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं. गोमेने आत जाऊन हातभर खोल खड्डा घेतला. मग तिघांनी वाकून पाहिलं.

वर मुळांचं दाट जाळं आणि वाळूसर, फिकट तपकिरी माती. खाली, वीतभराच्या पुढे, मातीत पांढरे खडे, शेंगदाण्याएवढे.

"हे खडे वरून का दिसत नाहीत?" बानूने विचारलं.

"पावसाचं पाणी हवेतला आणि मुळांजवळचा कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि किंचित आंबट होतं," गोम म्हणाली. "त्या आंबटपणाने वरचा चुना थोडा विरघळतो आणि पाण्याबरोबर खाली जातो. ही माती वाळूसर. वाळूचे कण मोठे, त्यांच्यातल्या फटी मोठ्या, म्हणून पाणी भरभर खाली उतरतं. पण पाऊसच कमी. पाणी एका खोलीवर जाऊन संपतं. काही मुळं पितात, काही वाळून जातं. चुना मात्र तिथेच राहतो. हजारो वर्षं असं होऊन हे खडे बनले."

बानूने खड्ड्यात हात घातला. "म्हंजी पाऊस एरवी हितपतूर पोचतो, ही त्याची खूण?"

"साधारणपणे, होय. जिथे पाऊस भरपूर पडतो तिथे पाणी चुना पार धुऊन नेतं. इथे तेवढी ताकद पाण्यात नाही."

"आन् रोपं पिवळी का?" हे धुळाआबांनी विचारलं. त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला होता.

"पान हिरवं व्हायला लोह लागतं. या मातीत लोह आहे. पण चुन्यामुळे माती अल्कधर्मी (आंबटाच्या उलट गुणाची) होते आणि अशा मातीत लोह पाण्यात विरघळत नाही. समोर आहे, पण मुळांना पिता येत नाही. फॉस्फरस नावाच्या पोषक द्रव्याचंही तसंच, चुना त्याला धरून ठेवतो."

"कोठीला कुलूप आणि किल्ली हरवलेली," आबा म्हणाले.

"गवताकडे किल्ली आहे. गवताची मुळं एक खास पदार्थ सोडतात. तो लोहाला पकडून मुळापर्यंत आणतो. पाहुण्या रोपांना ते जमत नाही. त्यात त्यांच्याभोवती फक्की टाकून आपण आणखी कुलपं लावली."

"आपल्यासाठी न्हाई," बानू म्हणाली. "पाहुण्यांसाठी."

"आणि माळ नांगरला तर?" आबांनी विचारलं.

"वाळू सुट्टी होईल आणि वाऱ्यावर जाईल. ही माती पाणी फार वेळ धरत नाही. जे थोडं धरतं ते या मुळांमुळे आणि मेंढ्यांच्या लेंडीखतामुळे. कुजलेलं खत वाळूत ओल्या फडक्यासारखं काम करतं. ही माती ऊस पिकवणार नाही. गवत मात्र उत्तम पिकवते. निकामी हा शब्द मी मागे घेते."

आबांनी पटका पुन्हा बांधला, नेहमीपेक्षा जरा ताठ.

ग्रामसभेत गोमेने नवा अहवाल वाचला. चुना मूळ आकड्याच्या पाचव्या हिश्शाइतकाही नव्हता. खाणीला परवडणार नव्हतं, गवताला चालत होतं.

सरपंच उत्तमराव उभे राहिले. "मग आधीचा अहवाल चुकीचा होता म्हणायचा?"

"नाही," गोम म्हणाली. "तोही बरोबर होता. तो फक्कीचा अहवाल होता."

मागच्या बाजूला कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. उत्तमराव माणूस वाईट नव्हते. तेही थोडे उशिरा हसले. ठराव झाला: खाण नाही, नांगर नाही, माळ चराईलाच. पिवळी रोपं शाळेमागच्या काळ्या मातीत हलवून बघायची.

संध्याकाळी बानू लाजरीला मांडीवर घेऊन बांधावर बसली. गोम परतीच्या गाडीची वाट पाहत शेजारी उभी होती. गाडी उशिरा येणार होती.

"मंगळावर बी माती असते?" बानूने विचारलं.

"असते. तिथेही काही जागी हाच चुनखडीचा पदार्थ सापडला आहे. त्यावरून तिथे कधीकाळी पाणी होतं असा अंदाज बांधतात."

बानूने लांब, तांबूस होत चाललेल्या आभाळाकडे पाहिलं. तिथेही कोणीतरी एक दिवस हातभर खड्डा घेईल, वाकून बघेल, आणि तो खड्डा बघायला आपण असू, असं तिने ठरवून टाकलं.

"गवत हाय का तिकडं?"

"अद्याप नाही."

"मग लाजरीला आत्ता न्यायला नको."

पांढरमाळ वाचल्याची बातमी तालुक्याला पोचली. पुढच्या महिन्यात एक मोठे पाहुणे माळ बघायला आले. गावाने जय्यत तयारी केली. गवताभोवती मारायला चार पोती फक्की लागली.