दुसरं कुलूप

दिवा राहू दे चालू, या गोष्टीला अंधार करायची गरज नाही. आणि कोणाला पाणी प्यायला उठायचं असेल तर आत्ताच जाऊन या. नंतर सोबतीला कोणी यायचं नाही.

माझा धाकटा साडू लायसनवाला इलेक्ट्रिशियन, कारखान्यांतली कामं करतो. माणूस असा की स्वतःच्या लग्नातही आधी हॉलचा मेन स्विच बघून आला आणि मग नवरीकडे बघितलं. मेहुणी अजून ते बोलून दाखवते.

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. रात्री साडेदहाला तो एका रंगाच्या कारखान्यात गेला. काम किरकोळ होतं. पावडर घुसळायच्या मोठ्या मिक्सरच्या पोटात एक केबल जळली होती, ती बदलायची. मिक्सर म्हणजे खोलीच म्हणा, आत माणसाच्या उंचीची लोखंडी पाती.

अशा कामाची एक रीत असते. मेन स्विच दुसऱ्या खोलीत असतो. तो बंद करायचा, त्याच्या दांड्याला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात घेऊनच आत शिरायचं. दोघं आत जाणार असतील तर दोन कुलपं. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, मालकानेसुद्धा दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. कारण कुलूप लटकतंय म्हणजे माणूस अजून आत आहे.

साडूने रीतसर कुलूप लावलं, एकट्याने काम उरकलं, बाहेर येऊन मिक्सरचं झाकण घट्ट बसवलं आणि शीळ घालत स्विचच्या खोलीत गेला.

दांड्याला दोन कुलपं होती.

एक त्याचं, लाल. दुसरं पितळी, जुनं, झिजलेलं.

त्याने गेटवरच्या वॉचमनला बोलावलं. "काका, आणखी कोण आलंय आत?"

"कोणी नाही. तुम्ही आल्यापासून मी गेट उघडलंच नाही." मग म्हाताऱ्याची नजर दांड्यावर गेली.

"ओळखता का हे कुलूप?"

वॉचमन मान खाली घालून गेटकडे निघून गेला.

साडूने मॅनेजरला फोन लावला. तो झोपेतून उठलेला, वैतागलेला. "कोणीतरी मस्करी केली असेल. कटरने तोडा आणि मशीन सुरू करून घरी जा. सकाळी माल निघायचाय. जमत नसेल तर सांगा, उद्यापासून दुसरा माणूस बघतो."

वर्षभराचं काम होतं ते, आणि घरी दोन मुली शिकतायत. साडूने कटर घेतला, कुलपाच्या कडीला लावला. तेवढ्यात त्याच्या मनात आलं, खरंच कोणी आत असेल तर? झाकण तर मीच लावलंय. ते आतून उघडत नाही.

 तो धावत मिक्सरपाशी गेला, झाकण उघडलं, बॅटरी फिरवली. पाती. त्याने नुकतीच बसवलेली केबल. बाकी काही नाही.

"कोणी आहे का?"

...

आपण उगाच घाबरलो, असं म्हणून त्याने झाकणाला हात घातला.

"राहू दे."

आवाज आतून आला. शांत. कामात गुंतलेला माणूस बोलतो तसा.

"माझा हात आत आहे अजून."

साडूला बॅटरी पुन्हा आत मारायची हिंमत होईना. पण धंद्याची सवय बघा, तोंडातून तेच निघालं. "किती... किती वेळ लागेल?"

...

"तू जाऊ नकोस."

तो स्विचच्या खोलीत आला. पळून जाता आलं असतं. पण मॅनेजर दुसऱ्या कोणाला पाठवेल, तो कडी तोडेल, दांडा वर करेल... त्याने कटर कपाटाखाली सरकवला. फोन बंद केला. स्विचला पाठ लावून काळ्या रबरी मॅटवर बसला.



पहाटे मिक्सरचं उघडं झाकण करकरलं.

मग पावलं. सावकाश. एक पाय ओढत.

साडूने डोळे घट्ट मिटले. पावलं दारात आली. आत आली. थांबली.

त्याच्या डोक्यावर, अगदी जवळ, कुलपात किल्ली फिरली.

...

मग काहीच नाही.

उजाडेपर्यंत त्याने डोळे उघडले नाहीत. उघडले तेव्हा वॉचमन दारात उभा होता. दांड्याला एकच कुलूप होतं, लाल. पण म्हातारा दांड्याकडे बघत नव्हता. खाली बघत होता.

काळ्या मॅटवर पांढऱ्या पावडरीत अनवाणी पावलं उमटली होती. मिक्सरकडून आलेली. शेवटची दोन साडूच्या पुढ्यात होती, त्याच्या बुटांना टेकलेली, बोटं त्याच्याकडे केलेली.

तिथून परत फिरलेलं एकही पाऊल नव्हतं.