सुतकाचा इंग्रजी पोशाख

संगमनेरच्या इतिहासप्रेमी मंडळाच्या वेशभूषा संमेलनात तीन पेशवे, एक कलेक्टर आणि मोबाईलवर बोलणारा एक मावळा एवढे लोक एकमेकांना पाण्यात पाहत उभे होते. तेवढ्यात काळा जाळीदार बुरखा घेतलेली एक बाई खासगी गुप्तहेर दीपा ससाणे यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"माझी माळ गेली," ती म्हणाली.

ती वृषाली. नवरा जाऊन वर्ष झालेलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या विधवेचा उंच गळ्याचा काळा झगा तिनं स्वतः शिवला होता. कॉलर उसवली म्हणून तिनं माळ कपडे बदलायच्या खोलीत काढून ठेवली. सुई घेऊन परतली, तर जमिनीवर नुसता तुटका दोरा. मणी गायब.

"मणी कसले?"

वृषालीनं आवाज हळू केला. मणी तिच्या मंगळसूत्राचे होते. नवऱ्याची तेवढीच खूण तिच्याकडे राहिली होती. सगळ्यांना मात्र तिनं इंग्रजी माळ म्हणून सांगितलं होतं. खोलीकडे तिघं गेले होते: मंडळाच्या अध्यक्षा धनश्री, दीर आदिनाथ आणि सासू बनुबाई.

दीपाताईंनी तिघांना वेगवेगळं गाठलं आणि प्रत्येकाला एवढंच सांगितलं, की वृषालीची इंग्रजी माळ तुटली.

धनश्री पुण्याहून भाड्यानं आणलेल्या राणीच्या पोशाखात घामाघूम झाली होती. तुटली तर बरंच झालं, म्हणाली. सुतकाच्या पोशाखात कुणी नटतं का? तिच्या कमरेला कात्री लटकत होती. दीपाताईंचे मदतनीस, निवृत्त हवालदार कानिफनाथ, यांच्या मते तपास तिथेच संपला.

मावळा म्हणजे आदिनाथ. त्यानं कानावरचा मोबाईल न काढता विचारलं, की दहा रुपयांची माळ तुटली तर आता पोलिसात जायचं का.

बनुबाई रोजच्याच लुगड्यात आल्या होत्या. मंडळानं त्यांना अस्सल ऐतिहासिक वेशभूषेचा बिल्ला लावला होता.

"मला काय तिच्या इंग्रजी माळंचं?" त्या खेकसल्या. "ती वाढली तवा मी अंगनात हुते."

"वाढलं?" भुकेल्या कानिफनाथांनी आशेनं स्वयंपाकघराकडे पाहिलं.

दीपाताईंनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. कानिफनाथ राणीच्या कात्रीवर नजर ठेवून दारात उभे राहिले.

"दोरा कापलेला नाही, काका. हिसडा देऊन तोडलाय," दीपाताई म्हणाल्या. "माळ तुटते. धनश्रीताईंनी तसंच म्हटलं, आदिनाथनंही. आजी एकट्याच म्हणाल्या, वाढली. वाढतं ते मंगळसूत्र."

"नारळही वाढवतात," कानिफनाथ म्हणाले.

"नारळ गळ्यात घालत नाहीत, काका. मणी कसले ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. आजींनी ते ओळखले. खोटं बोलायला त्यांची जीभ वळली, पण आपल्या लेकाच्या नावाच्या मण्यांना 'तुटले' म्हणायला वळली नाही. लेक जाऊन वर्ष झालं तरी."

आदिनाथनं पहिल्यांदा फोन खाली केला.

बनुबाईंनी कमरेची चंची सोडली.

"मीच ओवले हुते, लग्नात. न्हाई ओळखनार?" त्या वृषालीकडे वळल्या. "माज्या लेकाचं मरान हितं नाटकात मिरवतीस व्हय गं?"

"तुमच्या घरात मला रडायला कोपरा दिलात का, आत्याबाई?" वृषालीनं बुरखा वर केला. "तेराव्याला म्हणालात, आता पुरे, गोठ्याकडं बघ. इथं नाटक म्हणून का होईना, कुणी थांबवलं नाही."

बाहेर माइकवर पेशव्यांना रांगेत उभं राहायला सांगत होते.

बनुबाईंनी मणी सुनेच्या हातात दिले नाहीत. टेबलावर ओतले.

"गळ्यात घालायचे न्हाईत."

"घालणार."

"लोक शेन घालतील तोंडात."

"घालू देत."

टेबलावरून घरंगळणारा एक मणी बनुबाईंनी अडवला.

"मंग दोरा तरी पक्का घे," त्या म्हणाल्या आणि तिच्याकडे पाठ करून बसल्या.