पोकळ की भरीव

आमच्या भागात रानडेझीचे तीन प्रकार उगवतात आणि तिघी सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळी घुमटी. पहिलीचा चहा करतात. दुसरी नुसतीच दिसायला बरी. तिसरीनं तोंडात फोड येतात. ओळखायचं कसं? घुमटी ब्लेडनं उभी चिरायची. आत पोकळ आणि वास गोड असेल, तर पहिली. भरीव आणि बिनवासाची, ती दुसरी. भरीव आणि वास असा की पाहुण्यांनी उठून जावं, ती तिसरी.

हे ज्ञान माझ्या बायकोचं. तिनं जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. मी जन्मभर विनोदी सदरं लिहिली, त्यामुळे शिकायचं राहूनच गेलं. पण एका सर्दीनंतर तिला वास येईनासा झाला आणि त्या रिकाम्या जागेवर माझी नेमणूक झाली. ती चिरणार, मी हुंगणार. दुसऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसण्याचा माझा अनुभव दांडगा होता.

त्या दिवशी तिनं बंद पडलेल्या बस डेपोच्या भिंतीलगतची फुलं आणली. स्वयंपाकघरात बरणीत ठेवली. तेवढ्यात मुलीचा फोन आला. आधी ही बोलली, मग मी बोललो, मग मी काय बोललो ते दुरुस्त करायला पुन्हा ही बोलली. फोन संपला तेव्हा पाणी उकळलेलं होतं. तिनं मूठभर फुलं त्यात टाकली आणि टेबलाशी बसून सावकाश कप संपवला.

"अहो, वास चांगला होता ना?"

"कसला वास? तू चिरून बघितलंस ना?"

"तुम्ही हुंगलंत असं वाटलं, म्हणून मी चिरलं नाही."

"तू चिरलंस असं वाटलं, म्हणून मी हुंगलं नाही."

लग्न मुरलं की माणसं एकमेकांवर इतका विश्वास टाकतात.

शेजारच्या काकूंनी मागे तिसरीचा एकच घोट घेतला होता. कितीतरी दिवस त्यांना पाणीही गिळवत नव्हतं. आणि हिला तर दमा. घसा सुजला तर काय होईल, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलेलं होतं.

"बरणीतली उरलेली आणा," ती म्हणाली. आवाज वर्गातला होता.

पहिलं फूल चिरलं. पोकळ! मी सुटकेचा श्वास घेतला आणि घेतल्याचा पश्चात्ताप झाला. भयंकर घाण वास.

"पोकळ आणि घाण? असं नसतं. तुमचं नाक बिघडलंय."

मी कॉफीचा डबा हुंगून आलो. नाक ठीक होतं.

दुसरं भरीव निघालं. वास गोड.

"असंही नसतं," ती हळू म्हणाली.

तिसऱ्यात ब्लेड अडकलं. तिनं बोटांनी घुमटी उकलली. आत एक फूल होतं. मोहरीएवढं, पाकळ्या मिटलेलं.

ती भिंग घेऊन वाकली. "सगळं आहे हो! पाकळ्या, घुमटी..."

"तुझा घसा कसा आहे?"

"थांबा. हलतंय."

ते उमलत होतं.

मी बरणीसकट सगळं उचललं आणि बाहेरच्या कचरापेटीत टाकलं. परत आलो तर ही ओरडत होती, "अडाणी! असा नमुना पुन्हा मिळेल का?" इतकं गोड काही मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. घसा मोकळा होता.

वरच्या मजल्यावरचे डॉक्टर आले. घसा पाहिला, छाती तपासली. "फोड नाही, सूज नाही. जीभ तर चांगलीच तिखट आहे."

"त्याबद्दल शंका नव्हतीच," मी म्हणालो आणि खुर्चीत बसून लहान मुलासारखा हसत सुटलो.

दुसऱ्या दिवशीही ती ठणठणीत. दम्याची घरघर थांबलेली. श्वास इतका शांत की ऐकायला मला वाकावं लागलं. सकाळी ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसली, दुपारी गॅलरीत, दिवस कलल्यावर मागच्या खोलीत. बोलली फारसं नाही, रागावली तर मुळीच नाही.

"म्हातारपणी ऊन बरं वाटतं," डॉक्टर म्हणाले.

अंधारून आलं तशी तिची मान छातीवर झुकली. दमली असेल बिचारी. मी टेबलावरचा दिवा लावला. तिनं हळूच चेहरा वर केला आणि छान हसली. माझा जीव भांड्यात पडला.

उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून मी दिवा उचलून पलीकडच्या कोपऱ्यात ठेवला आणि तिच्यासमोर येऊन बसलो.

ती कोपऱ्याकडे तोंड करून हसत होती.