दुपारची पाळी

खिडकीच्या काचेवरून भादव्याचे थेंब ओघळत होते, आणि समुद्रपूरच्या पूरनियंत्रण कक्षात कोकिळा सेटपाशी बसली होती. वर्षभर वायरलेसवरून ज्या आवाजाची तिने वाट पाहिली, तो आवाज आज बॅटरी बदलून घ्यायच्या निमित्ताने समोर उभा होता... आणि मुका होता.

अखेर नदीकाठच्या ठाण्यावरचा रूपरावच म्हणाला, "एक इचारू, कोकिळाबाई? मले सदा दुपारचीच पाळी काऊन देता? तवा तं खरखरीशिवाय काई नसते."

कोकिळाने सेटकडे पाहिले. नदीकाठची चार ठाणी, सगळ्यांत मिळून वायरलेसची लहर एकच, म्हणून एका वेळी एकानेच बोलायचे. ज्याची हवा स्वच्छ, आवाज साफ पोचणारा, त्याने भरभर बोलून मोकळे व्हावे. ज्याची धूसर, खरखरीची, त्याने एकेक शब्द सावकाश, पुन्हा पुन्हा उच्चारावा. कुणाला केव्हा, किती वेळ द्यायचा, ते तीच ठरवी. रूपरावच्या ठाण्याची हवा सकाळी काचेसारखी नितळ असते, हेही तिला ठाऊक होते.

"सकाळी तुमचं बोलणं..." ती थांबली. "लवकर सरते."

रूपरावच्या ओठांवर हसू उमटले. "म्हणून मी घसा कोरडा करून पाण्याची उंची सांगत राह्यतो?"

"अन् मी ऐकत राह्यते."

"मंग माही बी चोरी ऐका. तुमचं मले साफ ऐकू येते. तरी म्हणतो — पुन्हा सांगा."

तेवढ्यात सेट पुन्हा खरखरला. वरच्या ठाण्याचे डोमाजी होते. "ताई, पाणी दीड फूट चढलं. मघापासून पाळी मागून राह्यलो. रूपराव तं आज ठाण्यावर नाई, मंग आमचा वेळ गेला कुठं?"

कोकिळाचे कान तापले; सेटची मघाची खरखर तिला ऐकूच आली नव्हती. तिने आकडा घेतला, खालच्या गावांना इशारा पोचवला. मग पाळ्यांचा तक्ता पुढे ओढला.

"उद्यापासून तुमाले सकाळची पाळी, रूपरावजी," ती न पाहता म्हणाली. "थोडकीच."

"अन् बाकीचं बोलणं?"

"ते... माह्या बाबांपाशी येऊन बोलाल?"

रूपरावने बॅटरी खांद्यावर घेतली, छत्री उचलली. "साफ ऐकू आलं. येतो," म्हणत तो पायऱ्या उतरला. छत्री उघडायचे त्याला सुचलेच नाही. भर पावसात तो चालत गेला... सावकाश, एकेक पाऊल टाकत, धूसर हवेत एकेक शब्द उच्चारावा तसा.