तिसऱ्या दालनाचं माप

जानेवारीतली गोष्ट. फरीदाबादमधल्या एका बंद कारखान्यात बऱ्याच वर्षांपूर्वी कलाकेंद्र सुरू झालं होतं. त्याची अंतर्गत रचना बदलायचं काम आमच्या ऑफिसकडे आलं आणि आर्किटेक्ट म्हणून माझ्याकडे. चित्रं, शिल्पं आधीच हलवली होती. फक्त तिसऱ्या दालनाचं माप राहिलं होतं. दुपारी तीनच्या सुमारास मी आणि माझा ज्युनिअर नचिकेत तिथे गेलो. बाहेर धुकं होतं, पण छताजवळच्या काचांमधून पुरेसा उजेड येत होता. दालन रिकामं. दार एकच.

मी दारात उभी राहून अंतर मोजायचा लेझर मीटर कमरेच्या उंचीवर धरला. लाल ठिपका समोरच्या भिंतीवर पडला. आकडा आला चार मीटर बारा.

नचिकेत हसला. "ताई, हे दालन आरामात अकरा मीटर असेल. सेल गेले बहुतेक."

सेल बदलले. पुन्हा चार बारा. मीटर डोक्याच्या उंचीवर नेला, तेव्हा अकरा साठ. खाली आणला की चार बारा. दोन हात डावीकडे सरकून मोजलं, तर तिथे अकरा साठ. मग मी मीटर सावकाश सगळीकडे फिरवत गेले. मध्ये काहीतरी आडवं येत होतं. जमिनीपासून सव्वा मीटर उंच, वर निमुळतं, त्याखाली खांद्यांइतकं रुंद. माणूस बसलेला असावा, तेवढं. ठिपका मात्र पलीकडच्या भिंतीवर स्वच्छ दिसत होता.

"थांब, मी टेपने घेतो," म्हणत नचिकेत टेपचं टोक घेऊन निघाला. मध्यावर थबकला. "ओल्या लोकरीचा वास येतोय का गं तुला?"

"नाही. तू हो पुढे."

तो भिंतीपाशी पोचला. टेपवर अकरा साठच भरले. खात्री म्हणून मी मीटर पुन्हा डोक्याच्या उंचीवर धरला.

चार बारा.

ते उभं राहिलं होतं.

मी हात हलवला नव्हता, पण आकडा बदलू लागला. चार ऐंशी. पाच चाळीस. सहा. ते माझ्यापासून लांब चाललं होतं... नचिकेतकडे.

"नचिकेत, टेप सोड. भिंतीला धरून इकडे ये."

"का, काय झालं?"

"ये म्हटलं ना..."

तो टेप उचलायला वाकला. आठ दहा. नऊ तीस. त्याच्या तोंडातून वाफ निघताना दिसली. माझ्या निघत नव्हती.

"ताई... इथे फार गार..."

मी काही शूर वगैरे नाही. पण दार माझ्या मागे होतं, त्याच्या नाही. मी दोन पावलं आत गेले आणि जोरात टाळी वाजवली.

"इकडे! माझ्याकडे बघ!"

नचिकेतला वाटलं, मी त्यालाच सांगतेय. तो भिंतीच्या कडेने झपाझप आला आणि बाहेर पडला. आकडा थांबला होता. मग उतरू लागला. आठ. पाच. दोन वीस. शेवटी मीटरवर आकडाच उरला नाही. इतक्या जवळचं त्याला मोजता येत नाही. ओल्या लोकरीचा वास थेट तोंडावर आला. मी मागच्या मागे बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

ऑफिसमध्ये आमचे प्रमुख भालचंद्र सर, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "अच्छा. मीटर सर्व्हिसिंगला दे," एवढंच म्हणाले. मीटरमध्ये काही दोष निघाला नाही. आराखड्यात मी अकरा साठ लिहिलं. नचिकेत मानेसरला दुसऱ्या नोकरीवर गेला. आम्ही त्या दुपारबद्दल कधी बोललो नाही.

नोव्हेंबरमध्ये केंद्र नव्याने उघडलं. तिसऱ्या दालनात आम्ही जिना आणि वरची गॅलरी नव्याने बांधली होती. मी गॅलरीत उभी राहून खालची गर्दी पाहत होते. पाय ठेवायला जागा नव्हती, फक्त एका ठिकाणी कोणी उभं नव्हतं. कुणी मुद्दाम टाळत नव्हतं. बोलता बोलता माणसं तिथून वळसा घालून जात होती. एका माणसाएवढी मोकळी जागा.

थोड्या वेळाने ती जागा जिन्याच्या पायथ्याशी होती.

मग जिन्यावरची माणसं, गप्पा न थांबवता, एकेक करून कठड्याकडे सरकू लागली. आधी खालच्या पायरीवरची. मग मधल्या पायरीवरची.